गोल कमानीचें गांवदेऊळ

ज्युबिलीच्या पुस्तकांत देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं दिली, कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, हें सांगण्याची चाल आहे, व ती चांगली आहे. तें काम या पुस्तकांत इतरांनीं केलें आहे. आम्ही मात्र खोताच्या वाडीच्या व एकंदर गिरगांवच्या आपल्या धर्मबंधुभगिनींस जरा दूरच्या प्रवासास नेणार आहों. सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं युरोपांतील डोंगराळ खेड्यांत जीं लहान देवळें उभीं राहिलीं, त्यांची बांधणी कशी होती, तीं आजवर टिकलीं कां, आणि टिकूनहि त्यांतून काय गेलें, ही हकीकत आम्हांस सांगावयाची आहे. ती ऐकतांना साष्टीचीं, वसईचीं व मुंबईचीं देवळें आपोआप डोळ्यांपुढें येतील. आपलें देऊळ आपण पुढच्या पिढीच्या हातीं कोणत्या स्थितींत देणार, हा प्रश्न ज्युबिलीच्या वर्षीं टाळतां येत नाहीं; आणि त्याचें उत्तर शोधतांना इतरांचा अनुभव फार उपयोगीं पडतो.

या बांधणीस आज ‘रोमनेस्क’ असें म्हणतात. ज्यांनीं तीं देवळें बांधलीं त्यांस हा शब्द ठाऊकहि नव्हता. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतांतील शार्ल द जेर्वील या विद्वानानें १८१८ सालीं तशा अर्थाचा शब्द सुचविला, व तो रूढ झाला. लॅटिन भाषा लोकांच्या तोंडीं बदलत बदलत तिच्यापासून फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज या भाषा झाल्या. तशीच रोमन लोकांची भव्य बांधणी खेड्यापाड्यांत उतरून, तेथील दगडास व तेथील गरिबीस जुळवून घेत, ही नवी बांधणी झाली, असा त्याचा विचार होता. संस्कृतापासून प्राकृत व प्राकृतापासून आपली मराठी कशी आली, हें आपण शाळेंत शिकलों आहों. तोच न्याय दगडाचुन्यास लाविला म्हणजे ‘रोमनेस्क’ शब्दाचा अर्थ नीट ध्यानांत येतो. ती दगडाची प्राकृत होय.

हिचा जन्म कां झाला तें पाहूं. नवव्या व दहाव्या शतकांत पश्चिम युरोपावर उत्तरेकडून नॉर्स, पूर्वेकडून माग्यार व समुद्रावरून सारासेन अशा तिन्ही बाजूंनीं स्वाऱ्या होत होत्या. देवळांचीं छपरें लांकडाचीं असत. शत्रु आला कीं प्रथम आग छपरास लागे, व छपराबरोबर वेदी, ग्रंथ व वस्त्रें यांचीहि राख होई. सन १००० च्या सुमारास या स्वाऱ्या ओसरल्या. रानें तोडून शेतें वाढलीं, धान्य अधिक पिकूं लागलें, नवीं गांवें वसलीं. क्लुनीचा मठ ९१० सालींच स्थापन झाला होता. त्याच्या शाखा सर्वत्र पसरल्या. संत याकोबाच्या समाधीच्या दर्शनास सांतियागोकडे यात्रेकरूंची रीघ लागली. राऊल ग्लाबर नांवाच्या एका मठवासी इतिहासकारानें नमूद करून ठेविलें आहे कीं, १००३ च्या सुमारास इटलींत व गॉल देशांत जिकडे तिकडे देवळें नव्यानें बांधण्याची लोकांत चढाओढ लागली. जुनें देऊळ चांगलें असतांहि लोक नवें बांधीत, असें तो सांगतो. हा उत्साह राजधान्यांपुरता नव्हता, खेड्यांतहि पोंचला होता, आणि आपली कथा खेड्याचीच आहे.

आतां बांधणीचें मर्म थोडक्यांत सांगतों, कारण तें समजल्यावांचून पुढील गोष्ट कळणार नाहीं. सरळ तुळईवर ओझें ठेविलें तर ती मध्यें वांकते, आणि दगडाची तुळई तर मोडतेच. म्हणून दगडाच्या तुळईनें रुंद दरवाजा करतां येत नाहीं. कमानीची युक्ति निराळी आहे. पाचरीच्या आकाराचे दगड अर्धगोलांत रचावयाचे, शेवटीं माथ्यावर चावीचा दगड बसवावयाचा, आणि मग खालचा लांकडी सांचा काढून घ्यावयाचा. वरचें ओझें जितकें अधिक तितके दगड एकमेकांस घट्ट धरतात. मात्र हें ओझें सरळ खालीं न उतरतां दोन्ही बाजूंस रेटा देतें. हा रेटा सोसण्यास भिंत जाड पाहिजे. भिंतीस मोठीं भगदाडें पाडलीं तर ती दुबळी होते, म्हणून खिडक्या लहान व अरुंद ठेवाव्या लागतात. खिडक्या लहान म्हणून आंत उजेड कमी. आणि उजेड कमी म्हणून मोकळ्या राहिलेल्या भिंतींवर चित्रें काढण्यास भरपूर जागा. गोल कमान, जाड भिंत, लहान खिडकी व रंगविलेली भिंत, हीं चारहि लक्षणें एकमेकांच्या हातांत हात घालून आलेलीं आहेत. पुढें बाराव्या शतकाच्या मध्यास टोंकदार कमान व बाहेरचे टेकू यांच्या साह्यानें रेटा दूर नेण्याची युक्ति सांपडली, भिंती पातळ झाल्या, खिडक्या मोठ्या झाल्या, आणि गॉथिक देवळें उभीं राहिलीं. मुंबईंत तीं पाहावयाचीं असल्यास कुलाब्याजवळचें होली नेम कॅथीड्रल आहेच.

या प्रकारच्या गांवदेवळांपैकीं एकच आपण नीट पाहूं. स्पेन देशाच्या ईशान्येस कातालोनिया प्रांत आहे. त्याच्या उत्तरेस पिरिनीज पर्वतांत बोई नांवाचें खोरें असून त्यांत सुमारें पांच हजार फूट उंचीवर ताउल हें खेडें वसलें आहे. हिंवाळ्यांत तेथें बर्फ पडतें. या चिमुकल्या गांवांत दोन देवळें आहेत, एक संत क्लेमेंताचें व दुसरें पवित्र मरियेचें. संत क्लेमेंताच्या देवळाचा अभिषेक १० डिसेंबर ११२३ रोजीं व मरियेच्या देवळाचा दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे ११ डिसेंबर रोजीं झाला. बिशप रेमोंड हे त्या कडाक्याच्या थंडींत डोंगर चढून तेथें आले होते. ते ११२६ सालीं वारले, व पुढें लोक त्यांस संत म्हणून भजूं लागले. पहिल्या अभिषेकाची हकीकत देवळाच्या एका खांबावर रंगानें लिहून ठेविली होती: साल, दिवस, बिशपांचें नांव, आणि वेदींत संत कोर्नेलियाचे अवशेष ठेविल्याचा उल्लेख. क्लेमेंत व कोर्नेलिय हे दोघेहि रोमचे पोप. मिस्सेच्या जुन्या रोमन नियमप्रार्थनेंत या दोघांचींहि नांवें येतात, हें आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. गांव दूर, बर्फ दाट, पण वेदीवरचीं नांवें तीं रोमचींच. ख्रिस्तसभेची एकता म्हणजे काय, हें समजण्यास एवढें पुरे.

देवळाची रचना साधी आहे. लांबट मंडपाचे तीन भाग. त्यांस विभागणाऱ्या गोल दगडी खांबांच्या ओळी. प्रत्येक भागाच्या शेवटीं अर्धवर्तुळाकार गाभारा. वर दगडी घुमट नाहीं, लांकडाचें उतरतें छप्पर आहे, कारण तेथें लांकूड मुबलक आणि बर्फ घसरून जावयास उतार हवाच. बाहेरच्या भिंतीवर उथळ पट्ट्या व त्यांना जोडणाऱ्या लहान लहान कमानींची नक्षी आहे. ही नक्षी उत्तर इटलींतील लोंबार्डी प्रांताच्या गवंड्यांची. ते काम शोधीत देशोदेशीं हिंडत व आपली रीत बरोबर नेत. देवळाशेजारीं चौकोनी घंटेचा मनोरा आहे. तो पायावर सहा मजले चढतो, व बहुतेक मजल्यांच्या खिडक्यांस जोडकमानी आहेत. घंटा खोऱ्यांत दूरवर ऐकूं जावी म्हणून मनोरा उंच. ज्या गांवांत घड्याळ नव्हतें तेथें घंटा हीच वेळ सांगे, मृत्यु सांगे आणि संकटाची सूचनाहि देई. या बांधकामास पैसा कोठून आला? त्या भागांतील एरिल घराण्याचे सरदार आरागोनच्या राजाबरोबर लढाईस गेले होते; १११८ सालीं सारागोसा शहर पडलें; त्या मोहिमांतून आलेल्या संपत्तीचा वांटा या देवळांस लागला असावा, असें इतिहासकार मानतात. हात मात्र खोऱ्यांतल्याच लोकांचे व फिरत्या गवंड्यांचे.

ताउलचें नांव जगांत पसरलें तें मधल्या गाभाऱ्यांतील चित्रामुळें. ओल्या गिलाव्यावर काढलेलें तें चित्र आहे. मध्यभागीं बदामाच्या आकाराच्या तेजोमंडलांत प्रभु येशू ख्रिस्त बसला आहे. उजवा हात आशीर्वादास उचललेला, डाव्या हातांत उघडा ग्रंथ, व त्या ग्रंथावर, आपण जगाचा प्रकाश असल्याचें योहानाच्या शुभवर्तमानांतील प्रभूचें वचन लॅटिनांत लिहिलेलें आहे. दोन्ही बाजूंस आल्फा व ओमेगा हीं अक्षरें टांगलेलीं. खालच्या ओळींत पवित्र मरिया व प्रेषित उभे आहेत. मरियेच्या हातांत एक पात्र असून त्यांतून किरण निघत आहेत. जवळच्या कमानीवर सात डोळ्यांचें कोंकरूं आहे. आणि एका बाजूस, श्रीमंताच्या दाराशीं पडलेला दरिद्री लाझार व त्याच्या जखमा चाटणारा कुत्रा. चित्रकाराचें नांव कोणास ठाऊक नाहीं. त्यास नुसतें ‘ताउलचा उस्ताद’ म्हणतात. ज्यांस एक अक्षर वाचतां येत नव्हतें अशा मेंढपाळांपुढें रविवारीं हें सर्व शुभवर्तमान भिंतीवर उघडें असे. आणि त्यांत दारिद्र्याची लाज धरलेली नव्हती. लाझारास देवळांतच जागा मिळाली होती.

हें देऊळ नऊशें वर्षें टिकलें कसें? वाचकांस नवल वाटेल, पण त्याचें मोठें कारण गरिबी हें आहे. पैसेवाल्या शहरांनीं आपलीं रोमनेस्क देवळें पाडून गॉथिक बांधलीं. पुढें कित्येक ठिकाणीं गॉथिकवर नव्या तऱ्हेचे नक्षीदार मखर चढविले. ताउलपाशीं तसें करण्यास पैसा नव्हता. खोऱ्यांत जाण्यास गाडीचा रस्ताहि नव्हता. गांवकऱ्यांनीं फार तर गाभाऱ्यापुढें एक नवें लांकडी मखर उभें केलें, आणि त्याच्या आड जुनें चित्र झांकलें जाऊन सुरक्षित राहिलें. ज्यास आपण दुर्दैव म्हणतों त्यानेंच तो ठेवा राखिला. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. खोताच्या वाडीकडे वळूं तेव्हां आम्ही पुन्हां त्याकडे येणार आहों.

मग धोका आला तो मान मिळाल्यावर. १९०७ सालीं बार्सेलोनाच्या विद्वानांची एक मंडळी वास्तुशिल्पकार पुइग इ कादाफाल्क यांच्या नेतृत्वाखालीं या डोंगरांत गेली. त्यांनीं चित्रांचें महत्त्व जाणून त्यांच्या नकला प्रसिद्ध केल्या. विद्वानांपाठोपाठ व्यापारी आले. १९१९ सालीं मूर येथील पवित्र मरियेच्या देवळांतील गाभाऱ्याचें चित्र विकलें गेलें, व तें १९२१ सालीं अमेरिकेंतील बोस्टनच्या संग्रहालयांत जाऊन पोंचलें. हें पाहून बार्सेलोनाचें संग्रहालयमंडळ जागें झालें. उरलेलीं चित्रेंहि अशींच परदेशीं जाणार, त्यापेक्षां आपणच तीं विकत घेऊन शहरांत न्यावीं, असें त्यांनीं ठरविलें. १९१९ ते १९२३ या वर्षांत इटलीहून आलेल्या कारागिरांनीं तें काम केलें. रीत अशी: चित्रावर कापड सरसानें चिकटवावयाचें, तें वाळलें कीं सावकाश ओढावयाचें, म्हणजे रंगाचा पातळ पापुद्रा कापडाबरोबर सुटून येतो, मग कापडाची गुंडाळी करून ती खेंचरांच्या पाठीवर डोंगराखालीं न्यावयाची. १९२४ सालीं तीं चित्रें बार्सेलोनांत लोकांस दाखविण्यांत आलीं, व १९३४ पासून मोंझुइक टेंकडीवरील राजवाड्याच्या संग्रहालयांत त्यांस कायमची जागा मिळाली.

हें बरें झालें कीं वाईट? आम्हांस वाटतें, दोन्ही. चित्र वांचलें हें निःसंशय. तें बोस्टनला वा आणखी कोठें गेलें असतें, अथवा ओलीनें झडलें असतें. लाखों लोकांनीं तें पाहिलें. पण ताउलच्या गांवकऱ्यांस मात्र पुढें कित्येक वर्षें ओक्याबोक्या भिंतीसमोर मिस्सा ऐकावी लागली. संग्रहालयांत लोक त्या चित्रासमोर टोपी काढून उभे राहतात, पण गुडघे टेंकीत नाहींत. जें प्रार्थनेसाठीं काढलें तें पाहण्यासाठीं उरलें. मध्यंतरीं देवळांत एक प्रतिकृति बसविली गेली. पुढें भिंतीवर मूळ रंगाचे कांहीं अवशेष सांपडले. २०१३ पासून प्रकाशझोताच्या साह्यानें मूळ चित्र क्षणभर गाभाऱ्यावर उमटविण्याची व्यवस्था झाली. २००० सालीं बोई खोऱ्यांतील नऊ देवळें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गेलीं. इतकें झालें तरी उजेड विझला कीं भिंत पुन्हां पांढरीच.

आतां आपल्याकडे वळूं. डिसेंबर १५३४ मध्यें गुजराथच्या बहादूरशहानें तह करून वसई व तिच्या अंमलाखालचीं बेटें पोर्तुगीजांस दिलीं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन व आगुस्तिनियन धर्मगुरूंनीं वसईपासून मुंबईपर्यंत गांवोगांव देवळें बांधलीं. या देवळांतहि गोल कमान, जाड भिंत व चौकोनी मनोरा दिसतो, म्हणून कोणी त्यांसहि रोमनेस्क म्हणतो. तें बरोबर नाहीं. ताउलचें देऊळ बाराव्या शतकाचें. आपलीं सोळाव्या व सतराव्या शतकांतलीं. मध्यंतरीं गॉथिक युग येऊन गेलें होतें, आणि युरोपांत प्राचीन रोमचा अभ्यास नव्यानें सुरू होऊन गोल कमान पुन्हां मानास चढली होती. तीच नवी तऱ्हा पोर्तुगीजांनीं आणली. तेव्हां ताउलची कमान व वसईची कमान यांचें नातें मायलेकीचें नसून मावसबहिणींचें आहे. प्राचीन रोमची कमान ही दोघींची आजी. पण खेड्यांत आल्यावर दोघी सारख्याच वागल्या: जवळचा दगड, जवळचा गवंडी, जवळचें लांकूड, आणि हवेप्रमाणें छप्पर. तेथें बर्फासाठीं उतार, येथें पावसासाठीं उतार व कौलें. तेथें ग्रॅनाइट, येथें काळा दगड. चुना भाजण्यास आपल्या किनाऱ्यावर शिंपल्यांची वाण नव्हती. वसईचा काळा दगड तर इतका नांवाजला होता कीं, जुन्या गोव्यांतील बोम जेझुस देवळाच्या दर्शनी भागाच्या कोरीव कामास तो येथून नेला. संत फ्रान्सिस झेवियरचें पवित्र शरीर ज्या देवळांत आहे, त्याच्या दर्शनी भिंतींत आपल्या वसईचा दगड आहे, हें कित्येकांस ठाऊक नसेल.

वसईच्या किल्ल्यांत संत योसेफाचें मुख्य देऊळ आजहि भग्नावस्थेंत उभें आहे. आर्चबिशप आलेशु द मेनेझेश यांच्या कारकीर्दींत १६०१ सालीं त्याचा जीर्णोद्धार झाल्याचा शिलालेख त्यावर होता. त्याच किल्ल्यांतील फ्रान्सिस्कनांच्या देवळांतील रुंद गोल कमानी आणि जमिनींतले थडग्यांचे दगड पाहिल्यावर, जपानांत १५९७ सालीं क्रूसावर प्राण देणाऱ्या आणि १८६२ सालीं संतपदास चढलेल्या आपल्या गोन्सालो गार्सियाची आठवण होतेच. तो या वसईचाच पुत्र. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, किल्ल्यांतील देवळें ओस पडलीं, आणि विजयाची खूण म्हणून त्यांच्या घंटा देशावर गेल्या. भीमाशंकर, नाशिकचें नारोशंकर व वाईजवळील मेणवली येथें त्यांपैकीं घंटा अजून दाखवितात. त्या आजहि वाजतात, आणि आमच्या मनांत त्याविषयीं कडवटपणा नाहीं. घंटेचें काम देवाकडे माणसास बोलावणें हें आहे. तें ती करीत आहे. किल्ल्याबाहेरील गांवांतील ख्रिस्ती लोक मात्र कोठें गेले नाहींत. त्यांनीं आपला धर्म व आपली बोली दोन्ही राखलीं, आणि गांवचीं देवळें पुन्हां पुन्हां दुरुस्त केलीं.

साष्टींतील एक देऊळ येथें विशेष सांगण्याजोगें आहे. अंधेरीच्या पूर्वेस मरोळजवळ जेझुइट धर्मगुरूंनीं १५७९ सालीं बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचें देऊळ बांधलें. १८४० सालीं गांवांत रोगाची सांथ आली. लोक तें ठिकाण सोडून मरोळांत जाऊन राहिले व तेथें त्यांनीं नवें देऊळ केलें. जातांना त्यांनीं जुन्या देवळांतील बाप्तिस्म्याचें कुंड, वेदी, खांब व मूर्ति बरोबर नेल्या. मागें राहिलेल्या भिंतींवर वड पिंपळ वाढले. १९७३ सालीं सरकारनें निर्यातीच्या कारखान्यांसाठीं जी वसाहत स्थापिली, तिच्या आवारांत हें भग्न देऊळ सांपडलें. तरीहि मरोळच्या लोकांनीं वर्षांतून एकदां त्या छप्पर नसलेल्या भिंतींत मिस्सा करण्याचा परिपाठ ठेविला. ताउलशीं याची तुलना करून पाहा. तेथें लोक राहिले, भिंती राहिल्या, चित्र गेलें. येथें लोक गेले, पण कुंड बरोबर घेऊन गेले. भिंती मागें राहिल्या.

मुंबई बेटांत याहून निराळें घडलें. माझगांवचें ग्लोरिया मातेचें १६३२ सालचें देऊळ विसाव्या शतकाच्या आरंभीं पाडावें लागलें, आणि १९१३ सालीं भायखळ्यास तें गॉथिक थाटांत नव्यानें उभें राहिलें. दादरचें साल्व्हेशन मातेचें देऊळ, ज्यास सर्व मुंबई ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणते, तें फ्रान्सिस्कनांनीं १५९६ सालीं स्थापिलें. १९७४ ते १९७७ या काळांत चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याप्रमाणें तें सर्वस्वीं नव्या रूपांत बांधण्यांत आलें. उंच शंक्वाकृति छपरें आणि त्यांमधले मोकळे चौक पाहून जुनीं माणसें प्रथम बुजलीं असतील. पण वेदी तेथेंच आहे व लोकहि तेच आहेत. म्हणजे भिंती बदलल्या तरी धर्मग्राम तुटला नाहीं.

या सर्व उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. देऊळ तीन वस्तूंचें बनलेलें असतें: भिंती, पवित्र वस्तु, आणि माणसें. काळाच्या ओघांत यांपैकीं एखादी जाते. कोणती प्रथम राखावी हें ज्या धर्मग्रामास कळलें तो टिकला. मरोळच्या लोकांनीं सांथींत सर्वांत आधीं बाप्तिस्म्याचें कुंड उचललें, यांत त्यांचें शहाणपण दिसतें. पण याचा अर्थ भिंती कवडीमोल आहेत असा कोणी करूं नये. ताउलच्या पांढऱ्या भिंतीसमोर बसणाऱ्या गांवकऱ्यास विचारा. पूर्वजांच्या हातांची खूण डोळ्यांआड झाली म्हणजे त्यांच्या श्रद्धेची आठवणहि दोन पिढ्यांत पुसट होते.

खोताची वाडी ही तर याचें ताजें उदाहरण आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थांच्या नांवावरून वाडीस हें नांव पडलें. त्यांच्याकडून जागा घेऊन आपल्या लोकांनीं येथें घरें बांधलीं: पुढें ओटा, लांकडी कठडे, बाहेरून चढणारा जिना, वर कौलें. १८८७ सालीं आपल्या लोकांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेऊन आपली संस्था स्थापिली. त्या काळीं ज्या वाड्या या समाजानें गजबजलेल्या होत्या त्यांतली ही एक. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां शहरभर गल्लोगल्लीं क्रूस उभारले गेले, आणि संध्याकाळीं त्यांपुढें जपमाळ व लादीन होऊं लागलें. वाडींत पूर्वीं पासष्टांच्या आसपास घरें होतीं असें सांगतात. आज त्यांच्या निम्मींहि उरलीं नाहींत. जोंवर गिरगांवांत जमिनीस सोन्याचा भाव नव्हता, तोंवर हीं घरें कोणीं पाडलीं नाहींत. ताउलविषयीं जें वर म्हटलें तेंच येथें लागू आहे: कमी पैशानें राखलें, पुष्कळ पैशानें घालविलें. मुलें दूरच्या उपनगरांत व परदेशांत गेलीं, वारस दहा झाले, घर एक राहिलें. मग विकणाऱ्यास दोष देणें सोपें असलें तरी न्याय्य नाहीं. आम्ही कोणास दोष देण्यास बसलों नाहीं. पण घर गेलें तरी त्या घराची आठवण देवळांत राहिली पाहिजे, एवढा तरी आपला हक्क व आपलें कर्तव्य आहे.

म्हणून ज्युबिलीच्या निमित्तानें चार साध्या सूचना करितों. पहिली, जुन्या भिंतींविषयीं. चुन्यानें बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करूं नये. चुना ओल शोषतो व पुन्हां बाहेर सोडतो. सिमेंट ती आंत कोंडतो, मग क्षार फुटतात, गिलावा फुगतो व आंतला दगड कुजल्यासारखा होतो. दुरुस्तीस चुन्याचें काम जाणणारा गवंडी शोधावा. तो महाग पडला तरी अखेर स्वस्तच पडतो. दुसरी, जुन्या लांकडी वस्तूंविषयीं. मखर, मेणबत्तीचे खांब, मिरवणुकीचा पालखीवजा मंच, जुनीं वस्त्रें, फुटकी मूर्ति, यांपैकीं कांहींहि ‘अडगळ’ म्हणून भंगारवाल्यास देऊं नये. मूरचें चित्र एका विक्रीनें समुद्रापलीकडे गेलें हें ध्यानांत असूं द्यावें. तिसरी, नोंदवह्यांविषयीं. १५६३ सालीं त्रेंत येथील महासभेनें प्रत्येक धर्मग्रामानें बाप्तिस्मा व विवाह यांच्या वह्या ठेवाव्या असा नियम केला. ताउलच्या खांबावरची एक ओळ नसती तर ११२३ हें साल आज कोणास कळलें नसतें. आपल्या वह्यांत तर हजारों ओळी आहेत. त्यांचीं छायाचित्रें घेऊन एक प्रत अन्य सुरक्षित जागीं ठेवावी. चौथी, वाडींतील वृद्धांविषयीं. कोणत्या घरांत कोणता सण कसा होई, क्रूसापुढें कोण लादीन म्हणत असे, कोणत्या सांथींत कोणीं कोणाची सेवा केली, हें तरुणांनीं त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवावें. हें काम पुढच्या ज्युबिलीपर्यंत थांबणारें नाहीं, कारण सांगणारे थांबणार नाहींत.

गोल कमानीचा गुण आम्हीं वर सांगितला: तींत एकहि दगड आपल्या बळावर उभा नसतो, प्रत्येक दगड शेजाऱ्यास रेटतो व शेजाऱ्याकडून आधार घेतो, आणि ओझें वाढलें कीं सर्व अधिकच एकवटतात. संत पेत्रानें आपल्या पहिल्या पत्रांत श्रद्धावंतांस जिवंत दगडांची उपमा दिली आहे, तिचा अर्थ गवंड्याच्या दृष्टीनें पाहिला तर हाच. ज्या धर्मग्रामांतील कित्येक घरें आतां वाडींत नाहींत, त्यानें हा अर्थ विशेष जपावा. जे दूर राहावयास गेले त्यांनीं सणास यावें, आपल्या मुलांस बाप्तिस्म्याचें कुंड दाखवावें, व आपला वांटा उचलावा. जे येथें आहेत त्यांनीं त्यांस परके लेखूं नये. आपल्या देवळाच्या भिंती, त्यांतील पवित्र वस्तु व आपण सर्व, हीं तिन्ही परमेश्वराच्या कृपेनें एकत्र राहोत, आणि पुढील ज्युबिलीस जो कोणी धर्मगुरु हें लिहावयास बसेल, त्यास काय गेलें याची यादी न करतां काय राखिलें याची यादी करण्याचें भाग्य लाभो, हीच आमची प्रार्थना.